दसऱ्याला हार, रविवारी बॉनेट

दसऱ्याच्या सकाळी बडोद्यात आमच्या सोसायटीचं पार्किंग ओलंचिंब असतं. गाड्या धुऊन होतात, झेंडूचे हार चढतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, चाकाखाली लिंबू जातं. आई आपट्याचं पान वायपरमध्ये खोचते. सात वर्षं मी हे सगळं न चुकता केलं. पण त्या बॉनेटच्या आत काय चाललंय, हे सात वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नाही.

मी इंजिनिअर खरा, पण सॉफ्टवेअरचा. सर्व्हिसचा मेसेज आला की गाडी द्यायची, बिल भरायचं आणि संध्याकाळी चकचकीत गाडी घेऊन यायची. गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलं नव्हतं.

मे २०२३ मध्ये आम्ही कुलदेवीला, वणीला निघालो. गाडीत आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. वघई मागे टाकून सापुताऱ्याचा घाट चढायला लागलो. दुपारची वेळ, एसी जोरात. अचानक एसीतून गरम हवा येऊ लागली आणि तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेतली, तर बॉनेटच्या फटीतून वाफ! मुलगी रडायला लागली, आई देवीचं नाव घेऊ लागली. मी बॉनेट उघडलं आणि रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, इतक्यात मागून येणाऱ्या जीपचा ड्रायव्हर ओरडला, "साहेब, झाकणाला हात लावू नका! तोंड भाजेल!"

तो थांबला म्हणून मी वाचलो. गरम इंजिनमधलं कूलंट दाबाखाली असतं. म्हणूनच ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते उकळतं कूलंट कारंज्यासारखं अंगावर उडतं. आम्ही तासभर झाडाखाली बसलो. इंजिन गार झाल्यावर त्याने एका रबरी पाइपच्या तोंडाशी बोट दाखवलं. तिथे वाळलेला पांढरट-हिरवा थर होता. "हे आजचं नाही साहेब. महिनाभर तरी गळतंय." त्याने स्क्रू-ड्रायव्हरने क्लॅम्प आवळला, आमच्या पिण्याच्या बाटल्या त्यात रिकाम्या केल्या आणि आम्ही हळूहळू सापुताऱ्याला पोचलो.

तीनच आठवड्यांपूर्वी गाडीची सर्व्हिस झाली होती. बिलावर 'कूलंट तपासले' या ओळीपुढे बरोबरची खूण होती. त्याचा राग आलाच. पण घरी आल्यावर जास्त टोचलं ते वेगळंच. ऑफिसात सर्व्हर बंद पडला, की आधी कुठल्या खुणा दिसत होत्या आणि त्या कुणी का पाहिल्या नाहीत, हा पहिला प्रश्न मीच विचारतो. इथे महिनाभर खूण दिसत होती. बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे, हेही मला धड माहीत नव्हतं.

तेव्हापासून रविवारची सकाळ गाडीची. तुमच्यापैकी अनेकांकडे आईवडिलांनी घेतलेली किंवा स्वतःची पहिली गाडी असेल, म्हणून मी काय करतो ते सांगतो.

पंधरा मिनिटांची पाहणी

इंजिन गार असताना, सपाट जागी बॉनेट उघडायचं. कूलंटचा डबा अर्धपारदर्शक असतो. त्यावरच्या दोन रेघांच्या मध्ये पातळी हवी. कमी असेल तर माहितीपुस्तकात सांगितलेलंच कूलंट घालायचं. ते पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरायचं. नळाच्या पाण्यातले क्षार आत साचतात. मात्र पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधा.

मग इंजिन ऑइल. डिपस्टिक ओढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण घालून बाहेर काढायची आणि मगच वाचायची. तेल दोन खुणांच्या मध्ये असावं. ते काळं दिसलं म्हणून घाबरू नका, पण दुधाळ दिसलं तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. त्यात पाणी मिसळलेलं असू शकतं.

ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरत असेल, तर बऱ्याचदा ब्रेक पॅड झिजल्याची ती खूण असते. वरून तेल ओतून ती खूण पुसून टाकू नका, पॅड तपासून घ्या. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते ठरलेल्या मुदतीत बदलावं लागतं.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर खायच्या सोड्याच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासायची. तारा काढताना आधी ऋण टोक आणि लावताना तेच शेवटी, एवढा क्रम पाठ करा.

राहिले टायर. हवेचा योग्य दाब बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. पंपवाल्याला 'पस्तीस टाक' म्हणायच्या आधी तो वाचा. गाडी चालून टायर तापले की दाब वाढलेला दिसतो, म्हणून सकाळी निघण्यापूर्वी मोजायचा. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे फक्त १.६ मिलिमीटर खाच उरली आणि टायर बदलायची वेळ झाली. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडाही असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. माझी स्टेपनी गाडीइतकीच जुनी आहे आणि तिच्यात हवाच नाही, हे मला हा आकडा शोधतानाच कळलं.

धुणं म्हणजे पाणी मारणं नव्हे

पूर्वी मीही पाइप लावून गाडी धूत असे. एकदा मोजून पाहिलं. आमच्या पाइपने पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरते. म्हणजे अर्ध्या तासाला तीनशे लिटर! आता दोन बादल्यांत काम होतं. एकीत कार शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी. आधी मगाने पाणी ओतून धूळ भिजवून खाली काढायची. मग मायक्रोफायबरचं फडकं शॅम्पूत बुडवून छतापासून खाली यायचं. प्रत्येक भाग झाला की फडकं साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शॅम्पूत. काढलेली माती अशी पहिल्या बादलीत परत जात नाही. चाकं सगळ्यांत शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकणं. आपल्याकडे गाड्या पुसणारे दादा हेच करतात. रंगावरचा पारदर्शक थर केसापेक्षाही पातळ असतो आणि ती धूळ त्यावर पॉलिश पेपरसारखी फिरते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या यातूनच आलेल्या असतात. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडरही नको, त्याने वॅक्सचा थर निघून जातो. कबुतराची घाण दिसली तर खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा, मग अलगद उचला. उन्हाळ्यात ती दोन दिवस राहिली तर डाग कायमचा.

वॅक्स तीन-चार महिन्यांतून एकदा, सावलीत, गार पत्र्यावर. आतल्या डॅशबोर्डला ओलसर फडकं पुरतं. चमकदार पॉलिशने काचेत प्रतिबिंब पडतं. स्टिअरिंग आणि पेडलला तर ते मुळीच लावू नका, हात-पाय घसरतात.

पावसाआधी

मेअखेर आम्ही वायपरची रबरं बदलतो, कारण उन्हाने ती कडक होतात. पुढच्या काचेखालच्या जाळीतली पानं आणि दारांच्या खालच्या कडेची छोटी भोकं साफ करतो. ती तुंबली की पाणी आत साचून पत्रा गंजतो.

आणि एक गोष्ट बडोदेकरांना वेगळी सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये चाकं बुडाली होती. पाणी ओसरल्यावर शेजारच्या काकांनी "बघू तर सुरू होते का" म्हणून चावी फिरवली. मी जिन्यावरून ओरडत खाली येईपर्यंत उशीर झाला होता. इंजिनात पाणी शिरलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि आतला दांडा वाकतो. काकांचं तेच झालं. बुडालेली गाडी सुरू करून बघायची नाही. बॅटरीची तार काढायची, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी टो करून न्यायची.

जिथे हात लावत नाही

आपल्या गुजरातेत सीएनजी गाड्या घरोघर आहेत. त्या किटला मी हात लावत नाही. टाकीची दर तीन वर्षांची चाचणी मात्र तारीख लिहून ठेवून करून घेतो. ब्रेक, एअरबॅग आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी तारा जाणकारांकडेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये.

गॅरेज मी सोडलेलं नाही. फरक इतकाच की आता जाताना माझ्याकडे यादी असते आणि परत आल्यावर मी बॉनेट उघडून बघतो. पहिल्यांदा मी डिपस्टिक काढली, तेव्हा तिथला मुलगा जरा चपापला होता. आता तोच "सर, या, दाखवतो" म्हणतो.

घरी चाकांचं खातं मुलीकडे आहे. गेल्या दिवाळीत पुण्याला आत्याकडे निघायच्या आदल्या दिवशी ती मागच्या चाकापाशी बसून म्हणाली, "बाबा, टायरला बटण लागलंय." वाकून पाहिलं तर स्क्रूचं चकचकीत डोकं. हवा अजून पूर्ण होती. स्क्रू न काढता गाडी तशीच हळूहळू कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने तो उपसला, तर बोटाच्या दोन पेरांएवढा निघाला. मुलीने तो धुऊन कंपासपेटीत ठेवला आहे. घरी कोणी पाहुणे आले की तो आधी बाहेर येतो.