गोळी हरली, प्रश्न उरला

ऑगस्ट 2025 मध्ये फिनलंडच्या तांपेरे विद्यापीठाचा शोधनिबंध आला. अचानक दगावलेल्यांपैकी सुमारे 42 टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेल्या थरांत तोंडातल्या जंतूंचा डीएनए सापडला होता. लगेच पेशंट मोबाइल पुढे करून म्हणू लागले, ‘डॉक्टर, अँटिबायोटिकचा एक कोर्स लिहून द्या ना.’ ऐकून जीव तळमळला.

1988 मध्ये फिनलंडच्याच पेक्का साइक्कू यांनी क्लॅमिडिया न्यूमोनी या जंतूचा हृदयविकाराशी संबंध दाखवला, तेव्हा आमच्या औरंगाबादेत त्याची कुणी दखल घेतली नाही. हवा तापली ती 1997 नंतर, हृदयरुग्णांना अँटिबायोटिक देऊन पाहणाऱ्या लंडन आणि अर्जेंटिनातल्या दोन छोट्या, आशा लावणाऱ्या चाचण्यांमुळे. अल्सरमागे जंतू असतो हे बॅरी मार्शल यांनी दाखवून दिलंच होतं. आता पाळी हृदयाची, असं सगळ्यांना वाटलं. औषध कंपन्यांची एमआर मंडळी जाहिरातीचे गुळगुळीत कागद घेऊन दवाखान्यात येऊ लागली. शहरातले एक बडे डॉक्टर अँजिओग्राफी झालेल्यांना सर्रास अझिथ्रोमायसिन लिहायचे. मोठ्या चाचण्यांचे निकाल येऊ द्या, असं मी म्हटलं, तर त्यांनी चारचौघांत माझी अक्कल काढली. ते मी विसरलेलो नाही.

निकाल एप्रिल 2005 मध्ये आले. एका चाचणीत 4,012 रुग्ण, वर्षभर दर आठवड्याला अझिथ्रोमायसिन. दुसरीत 4,162 रुग्ण, दर महिन्याला दहा दिवस गॅटिफ्लॉक्सासिन. खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा काडीचाही जास्त फायदा नाही. पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या चाचणीत तर क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त निघाले.

कागद बंद झाले, बडे डॉक्टरही गप्प झाले. पण गोळीबरोबर जंतूंचा हृदयाशी काय संबंध, हा प्रश्नही गाडला गेला, हे मला सलतं. त्या काळातल्या वैजापूरकडच्या एक मावशी आठवतात. मिसरीने काळवंडलेले दात, हिरडी दाबली की पू यायचा. पिशवीत ईसीजीच्या पट्ट्या नीट घडी करून ठेवलेल्या. आजवर एकाही डॉक्टरने ‘आ करा’ म्हटलं नव्हतं. शहरात 1982 पासून शासकीय दंत महाविद्यालय असताना!

तांपेरेच्या संशोधकांना जंतू थराच्या आत चिवट आवरणाखाली दडलेले दिसले. चार दिवसांची गोळी तिथे काय करणार? हिरड्यांच्या उपचाराने हार्ट अटॅक टळतो हेही अजून सिद्ध झालेलं नाही, ते मी पेशंटला स्पष्ट सांगतो. तरी हिरडी सडू द्यायची नसते, म्हणून दंतवैद्याकडे पाठवतो. कित्येक जण तिकडे फिरकतही नाहीत. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिन घेतात आणि घरी जातात.