‘लेवंडी’ म्हणजे ‘उठा’

बाळंतिणीला कन्नडमध्ये बाणंती म्हणतात आणि तेलुगूत बालिंत. तिन्ही शब्द कसे सख्ख्या बहिणींसारखे! पण लेकीच्या पहिल्या बाळंतपणात मात्र भाषेनंच माझी फजिती केली.

आमचं घर बीदरकडचं. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. लेक दिली आदिलाबादला. १९५६ पर्यंत दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, तेव्हा ही सोयरीक काही नवलाची नव्हे. दिवस भरत आले तसा डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं, म्हणून बाळंतपणाला मीच तिकडे गेले.

सिझेरियन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स येऊन म्हणाली, “लेवंडी अम्मा, नडवंडी.” विहीणबाई घरी डबा आणायला गेल्या होत्या. मला तेलुगू येत नाही. हातवाऱ्यांवरून ती लेकीला उठवतेय एवढं कळलं आणि मी आडवी आले. टाके तुटले तर? पाणीही मी घोटभरच देत होते. बाळंतिणीला पाणी कमी, हे आजीपासून ऐकलेलं. डॉक्टर राउंडला येत, “ओके?” विचारत, लेक दुखणं गिळून “ओके” म्हणे. पोट फुगलं, पाय जड झाले, बाळ नीट दूध ओढेना. घरी यायला आठवा दिवस उजाडला. जावयांचं काम बुडालं, खर्च वाढला. टाके तर केव्हाच ठीक होते. अडलं होतं ते न बोलण्यामुळं.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. तारीख ठरली तेव्हाच विहीणबाईंना घेऊन डॉक्टरांना भेटलो आणि वहीत मराठीतून प्रश्न लिहून नेले. पाणी कधी? जेवण कधी? उठवायचं कधी? घरी कधी, आणि कशावरून ठरवणार? उत्तरं विहीणबाईंनी तेलुगूत ऐकली, मी मराठीत लिहिली.

तेव्हा कळलं की लवकर उठवण्यामागं निष्काळजीपणा नसतो. चालल्यानं पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जननी १९९० च्या दशकात ऑपरेशननंतर लवकर बरं होण्याची पद्धत मांडली. सिझेरियनसाठीचे तसे नियम २०१८-१९ मध्ये आले. सगळं ठीक असेल तर ऑपरेशननंतर दोन तासांत खाणं, वेळेवर वेदनाशामक औषध, लघवीची नळी लवकर काढणं, लवकर चालणं आणि हे सगळं घरच्यांना आधीच समजावणं, असे ते नियम. ब्रिटनमध्ये तब्येत उत्तम असलेल्या बाळंतिणीला २४ तासांनंतरही घरी सोडता येतं.

आपल्याकडे हा प्रश्न घरोघरचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणात शंभरातली सुमारे ६१ बाळंतपणं सिझेरियननं झालेली आढळली. देशात हेच प्रमाण साधारण २२ होतं. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत मोफत जेवण मिळतं. तो आपला हक्क आहे, पण म्हणून सात दिवस राहिलंच पाहिजे असं नाही.

मात्र घाईही नको. ताप नाही, रक्तदाब ठीक, लघवी मोकळी, जेवण जातंय, गोळीनं दुखणं आवरतंय, आई चालतेय, बाळ दूध पितंय, एवढं जमलं की घरी जायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर ताप, जास्त रक्तस्राव, टाक्यांतून पू, पोटरीला सूज आणि दुखणं, धाप, तीव्र डोकेदुखी किंवा अंधारी यांपैकी काहीही दिसलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. गरज पडली तर १०८ ला फोन करायचा. हेही मी वहीत लिहून घेतलं.

या खेपेला नर्स “लेवंडी” म्हणाली, तेव्हा लेकीला हात मीच दिला. चौथ्या दिवशी आम्ही घरी होतो.

मैत्रिणींनो, बाळंतविडा बांधताना त्यात एक वही आणि पेन जरूर ठेवा. तिथली भाषा जाणणारं एक माणूसही सोबत असू द्या. आणि लेकीला आधीच सांगून ठेवा, दुखत असेल तर “ओके” म्हणायचं नाही.