गळका नळ, तुंबलेले न्हाणीघर आणि कारागिराची पारख

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या मार्गावरील लोहारा हे एकेकाळचे खेडे. औद्योगिक वसाहत आली, वस्ती वाढली आणि हे गाव शहराशी एकजीव झाले. अशा ठिकाणी व्यापारी कुटुंबांची घरे बहुधा एकाच धाटणीची असतात. पुढे दुकान, बाजूला गोदाम आणि मागे किंवा माडीवर राहते घर. म्हणूनच वरच्या न्हाणीघरातील गळती केवळ घरापुरती राहत नाही. तिची ओल भिंतीतून खाली उतरते आणि गोदामातील धान्याच्या पोत्यांना किंवा कापडाच्या गठ्ठ्यांना बाधते. मालाची नासाडी झाल्यावर केलेली दुरुस्ती नेहमीच महाग पडते. तरीही हे काम सणापर्यंत अथवा पाहुणे येईपर्यंत पुढे ढकलले जाते आणि मग मिळेल त्या माणसाला घाईने बोलावले जाते.

थेंबांचा हिशेब

निळोणा आणि चापडोह या दोन जलाशयांवर यवतमाळ शहर दीर्घकाळ विसंबून राहिले. २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. टँकरची वाट पाहणाऱ्या त्या दिवसांची आठवण ज्यांना आहे, त्यांना पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको.

नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर हे पाणी दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक भरते. कित्येकदा याचे कारण काही रुपयांचे झिजलेले वॉशर एवढेच असते. फ्लशच्या टाकीतील गळती याहून फसवी असते, कारण ती आवाज न करता चालू राहते. ती ओळखण्याचा उपाय सोपा आहे. टाकीत खाण्याचा रंग थोडा मिसळावा आणि अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर टाकीची झडप गळते असे समजावे.

गळतीचा आणखी एक धोका आरोग्याचा आहे. जेथे पाणी ठराविक वेळीच येते, तेथे पुरवठा थांबल्यावर नळीतील दाब नाहीसा होतो. अशा वेळी फुटक्या सांध्यातून बाहेरचे घाण पाणी आत शिरू शकते. सांडपाण्याची नळी शेजारून जात असेल, तर हा धोका अधिकच. पाणी गाळून व उकळून घेण्याची शिस्त पाळणाऱ्या घराने नळ्यांच्या सांध्यांकडेही तितक्याच दक्षतेने पाहिले पाहिजे.

बोलावण्यापूर्वी

प्लंबरला निरोप धाडण्याआधी दोष कोठे आहे याचा घरच्यांनी अंदाज घ्यावा. मुख्य झडप कोठे आहे आणि ती कशी बंद करावी, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक असावे. दुकानात गेलेल्या पुरुषांनाच ते माहीत असेल, तर नळी फुटल्यावर घरातील स्त्रियांना निष्कारण धावपळ करावी लागते.

न्हाणीघरात दुर्गंधी येते म्हणून प्रत्येक वेळी फरशी उकरण्याचे कारण नसते. जमिनीतील जाळीखाली ट्रॅप असतो. त्यात साचलेले काही इंच पाणीच गटारातील वायूला अडवून धरते. विदर्भाच्या उन्हाळ्यात वापर नसलेल्या न्हाणीघरातील हे पाणी सुकते आणि वायूला वाट मिळते. आठवड्यातून एकदोन तांबे पाणी ओतले की हा प्रश्न पुष्कळदा तेथेच मिटतो.

याउलट, चेंबर दरवर्षी तुंबत असेल तर कारण जमिनीखाली शोधावे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीने नळ्यांचे सांधे सरकतात व उतार बिघडतो. तेथे वरचेवर तुंबलेले मोकळे करण्यापेक्षा तेवढा भाग उकरून नळी नव्याने बसविणेच हिताचे ठरते.

तुंबलेल्या नळीत आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतण्याचा प्रकार मात्र कोणीही करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. नळीत काही रसायन ओतले असेल, तर कारागिराने हात घालण्यापूर्वी त्याला ते स्पष्ट सांगावे.

कारागीर कसा निवडावा

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तरीही अनेक कुशल कारागीर उस्तादाच्या हाताखाली शिकून तयार झालेले असतात. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याने तर पिढ्यान्‌पिढ्या देशभर प्लंबर पुरविले आहेत. तेव्हा केवळ प्रमाणपत्रावरून किंवा ओळखीवरून पारख करू नये. कामाची पद्धत पाहावी.

चांगला कारागीर आधी पाहतो, झडपा बंद-चालू करून तपासतो आणि मगच हातोडा उचलतो. येताक्षणी फरशी फोडा म्हणणाऱ्याला कारण विचारावे. गावातला कारागीर सोयीचा असतो. पुरवठ्याच्या वेळा त्याला माहीत असतात, बोअरच्या जड पाण्याने झडपा कशा अडकतात हे त्याने पाहिलेले असते आणि काम बिघडले तर त्याला पुन्हा बोलावता येते. ज्या शेजाऱ्याचे काम त्याने वर्षापूर्वी केले, त्याच्याकडे चौकशी करावी. कालच झालेल्या कामाची गळती अजून दिसलेली नसते.

सामान आणि मजुरी यांचा अंदाज वेगवेगळा लिहून घ्यावा. सामानावर आयएसआय चिन्ह पाहावे व पावती जपून ठेवावी. गीझरच्या गरम पाण्यासाठी साधी पीव्हीसी नळी चालत नाही, ती मऊ पडते. तेथे सीपीव्हीसी नळीच लावावी. काढलेला जुना भाग पाहून घ्यावा. नळ्या भिंतीत बुजविण्यापूर्वी पाणी सोडून सांधे तपासावेत आणि मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. पुढे खिळा ठोकताना ते उपयोगी पडते. न्हाणीघराची जमीन नव्याने केली असेल, तर फरशी बसविण्यापूर्वी तीत २४ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का ते पाहावे. हे काम बहुतांशी गवंड्याचे आहे. त्याची जबाबदारी प्लंबरवर ढकलू नये.

ओलांडू नये अशी मर्यादा

शौचालय तुंबले आणि दोष सेप्टिक टाकीत आहे असे दिसले, तर "जरा आत उतरून बघ" असे कोणालाही सांगू नये. मालक म्हणून नाही, आणि जास्त पैसे देऊनही नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू साचतात. प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासही कळेनासा होतो आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी मागोमाग उतरलेलेही दगावतात.

२०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार, सुरक्षेची साधने व खबरदारी न पुरवता कोणालाही गटार किंवा सेप्टिक टाकी हाताने साफ करावयास लावणे हा गुन्हा आहे. हा नियम नगरपालिकेला आहे, तसाच घरमालकालाही आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण ज्या घरी अहिंसेचा संस्कार आहे, त्या घराला दंडाचे भय दाखवावे लागू नये. टाकी उपसण्यासाठी यंत्र असलेले वाहनच बोलवावे आणि दोनतीन वर्षांनी ते काम वेळेवर करून घ्यावे.

मजुरी आणि मान

शौचालयाच्या कामाला जुन्या समजुतींचा डाग अजून चिकटलेला आहे. काम करणाऱ्याला पाण्याचा पेला वेगळा ठेवणे, मागच्या दाराने आत घेणे, हात धुण्यास साबण न देणे, हे प्रकार सुशिक्षित घरांतही अधूनमधून घडतात. घरातील मुले ते पाहतात व तेच शिकतात. आपल्या घराची स्वच्छता ज्याच्या हातांवर अवलंबून आहे, त्याला स्वच्छ पेल्यात पाणी द्यावे आणि नावाने, आदराने हाक मारावी.

मजुरीचेही तसेच. सामानासाठी आगाऊ रक्कम द्यावी. उरलेली मजुरी चाचणी होताच त्याच दिवशी चुकती करावी. गिऱ्हाईकाने बाकी थकविली की दुकानाची कशी ओढाताण होते, हे व्यापाऱ्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. रोजच्या कमाईवर चूल पेटविणाऱ्याची ओढाताण त्याहून मोठी असते.

दिवाळीला नवी वही पूजली जाते, तेव्हा तिचे एक पान घराच्या डागडुजीसाठी राखावे. काम कोणी केले, कोणते सामान लागले, टाकी कधी उपसली आणि पुढे कधी उपसावयाची, एवढ्या चार ओळी त्यावर लिहिल्या तरी पुढच्या वर्षीची धावपळ टळेल.