पिल्लाचे वजन आणि त्याचे अन्न

घरात कुत्र्याचे पिल्लू आले, की सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. आजी दूधभात कालविते, मुले आपल्या ताटातील चतकोर पोळी लपवून आणतात आणि वडील दुकानातून खाद्याची एक रंगीत पिशवी घेऊन येतात. 'खाऊ द्या पोटभर, लवकर मोठे होईल,' असे जो तो म्हणतो. या प्रेमळ आग्रहातच पिल्लाच्या हाडांचे जन्मभराचे दुखणे दडलेले असू शकते, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

पिल्लाच्या अन्नाविषयी दोन प्रश्न उद्भवतात. अन्न कोणते द्यावे, हा पहिला. किती द्यावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पिल्लाच्या भावी वजनावरून मिळते, तर दुसऱ्याचे आजच्या वजनावरून. या दोहोंची गल्लत झाली, की चुकांना प्रारंभ होतो.

प्रथम भावी वजनाचा विचार करू. लहान जातीचे पिल्लू ९ ते १२ महिन्यांत पुरे वाढते. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींना १२ ते १८ महिने लागतात, तर ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींची वाढ त्यानंतरही चालू राहते. मोठ्या जातींत हाडांची वाढ वेगाने होत असते. अशा वेळी अन्न अतोनात दिले, तर शरीराचे ओझे आधी वाढते आणि कोवळ्या हाडांना ते पेलवत नाही. पाय वाकणे, सांधे बिघडणे, लंगडणे हे त्याचेच परिणाम होत.

येथे कॅल्शियमचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मोठा कुत्रा अन्नातील जादा कॅल्शियमचे शोषण आवरू शकतो. परंतु सहा महिन्यांच्या आतील पिल्लाला ते नीटसे साधत नाही. हॉलंडमधील उत्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर जे प्रयोग झाले, त्यांत जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढ विकृत झाल्याचे दिसून आले. म्हणून ज्यांचे भावी वजन ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो वा त्याहून अधिक, अशा पिल्लांच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या १.८ टक्क्यांहून अधिक कॅल्शियम असू नये, असा दंडक अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने घातला आहे. इतर पिल्लांसाठी ही मर्यादा २.५ टक्के आहे. समतोल खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे औषध पाजणे हे हितापेक्षा अहिताचेच अधिक. याउलट, नुसते मांस किंवा नुसता दूधभात यांवर वाढविलेल्या पिल्लाला आवश्यक द्रव्ये योग्य प्रमाणात मिळत नाहीत. मांसात फॉस्फरस विपुल, पण कॅल्शियम अत्यल्प असते. त्यामुळे तेथेही हाडे ठिसूळ होतात.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी थोडे गणित करावयास हवे. पिल्लाच्या वजनाचा घन करावा, त्याचे वर्गमूळ काढावे, त्या वर्गमूळाचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि येणाऱ्या संख्येस ७० ने गुणावे. विश्रांतीच्या स्थितीत लागणाऱ्या किलोकॅलरींचा हा अंदाज होय. चार महिन्यांपर्यंत याच्या तिप्पट व त्यापुढे वाढ पुरी होईतो सुमारे दुप्पट अन्न लागते. समजा, मध्यम जातीचे तीन महिन्यांचे पिल्लू ५ किलोंचे आहे. ५ चा घन १२५. दोनदा वर्गमूळ काढले, की ३.३४. ७० ने गुणून २३४ आणि त्याच्या तिप्पट ७०२ किलोकॅलरी. १०० ग्रॅम खाद्यात ३६० किलोकॅलरी असतील, तर दिवसाला १९५ ग्रॅम पुरेत. हेच पिल्लू पाच महिन्यांचे व १० किलोंचे झाले, की त्याला ७८७ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २१९ ग्रॅम लागतील. वजन दुप्पट झाले. शिधा मात्र २४ ग्रॅमनेच वाढला! 'दुप्पट वजन, दुप्पट अन्न' हा समज किती फसवा आहे, हे यावरून ध्यानी येईल.

अर्थात गणित हा केवळ आरंभ आहे. खरी परीक्षा हाताने करावयाची. बरगड्यांवरून तळहात फिरविला असता त्या सहज लागाव्यात आणि वरून पाहता कंबर दिसावी. बेळगावकडील मंडळींना परिचित असलेला मुधोळचा शिकारी कुत्रा तर जात्याच सडपातळ. त्याला रोड समजून लठ्ठ करणे म्हणजे त्याच्या जातिगुणालाच बाधा आणणे होय. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर झालेल्या एका दीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. बालपणापासून एक चतुर्थांश कमी अन्न मिळालेले कुत्रे आपल्या जोडीदारांपेक्षा सरासरीने सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले.

तेव्हा पिल्लाचे वजन दर आठवड्यास करावे, शिधा तोलून द्यावा आणि तो तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा विभागून घालावा. खाद्य बदलावयाचे झाल्यास आठवडाभरात हळूहळू बदलावे. द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण व चॉकलेट यांपासून पिल्लाला दूर ठेवावे. पिल्लू लंगडू लागले वा वजन थांबले, तर पशुवैद्यास दाखविण्यात विलंब करू नये. मुक्या जिवाला 'पुरे' म्हणता येत नाही. ते त्याच्या वतीने घरातील जाणत्यांनीच म्हणावयाचे असते.