विश्लेषण : पूर्णांक की परिमेय? एक दशांशाची चूक २८ जिवांवर का बेतली?

आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर कोसळले. त्यात २८ सैनिक ठार झाले. ते रोखण्यासाठी तैनात असलेल्या ‘पॅट्रियट’ यंत्रणेने मारा केलाच नाही. चौकशीत दोष सापडला तो १/१० या साध्या संख्येच्या हिशेबात.

पूर्णांक म्हणजे काय?
१, २, ३ या मोजणीच्या संख्या, शून्य आणि −१, −२, −३ अशा ऋण संख्या म्हणजे पूर्णांक. ३ नंतरचा पूर्णांक ४. मध्ये दुसरा नाही.

परिमेय संख्या कोणत्या?
ज्या संख्या अंश आणि छेद अशा दोन पूर्णांकांत लिहिता येतात त्या. अट एकच, छेद शून्य नको. ३/४, −५/२, ०.७ या परिमेय. ५ म्हणजे ५/१, म्हणून प्रत्येक पूर्णांक परिमेय असतो. पण प्रत्येक परिमेय संख्या पूर्णांक नसते. कोणत्याही दोन परिमेय संख्यांमध्ये असंख्य परिमेय संख्या असतात.

गफलत कुठे होते?
दिसण्यावर जाऊ नये. ८/२ अपूर्णांकासारखी दिसते, पण ती ४ आहे. संक्षिप्त रूपात छेद १ उरला, तर संख्या पूर्णांक. परिमेय संख्येचे दशांश रूप एक तर संपते (०.७५) किंवा तेच अंक पुन्हा पुन्हा येतात (१/३ = ०.३३३…). √२ चे तसे होत नाही, ती अपरिमेय.

धहरानमध्ये काय बिघडले?
पॅट्रियटचे घड्याळ सेकंदाचे दशांश पूर्णांकात मोजत होते. ही मोजणी अचूक होती. सेकंद काढण्यासाठी तिला १/१० ने गुणले जाई. आपल्या दशमान पद्धतीत ०.१ तिथेच संपते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत मात्र तिचे अंक संपतच नाहीत. २४ बिटांच्या जागेत ते मध्येच तोडावे लागले. सुमारे १०० तास यंत्रणा सलग सुरू राहिल्याने ही नगण्य चूक साठत ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर कापते. रडार भलत्याच जागी शोध घेत राहिले. सुधारित सॉफ्टवेअर धहरानला पोहोचले ते दुसऱ्या दिवशी.

आपल्याशी संबंध काय?
पैशांचे व्यवहार हाताळताना अनेक प्रोग्रामर ९९.१० रुपये ही रक्कम ९,९१० पैसे अशी पूर्णांकात साठवतात, ती याच कारणाने.