डेडलाईन : आधी ती खरोखरची रेघ होती

मागचा एपिसोड एक दिवस उशिरा आला, माहितीये मला. त्या रात्री एडिटिंग करता करता मी मित्राला मेसेज टाकला होता, "ही डेडलाईन माझा जीव घेणार बघ." पाठवला आणि मलाच प्रश्न पडला, की तारखेच्या गोष्टीत हे 'डेड' कुठून आलं? म्हटलं, चला, आज यावरच बोलू.

तर आपल्याला जायचंय अमेरिकेत. साल १८६४. उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे उत्तरेच्या पकडलेल्या सैनिकांसाठी तुरुंग होता. तुरुंग कसला, चारी बाजूंनी लाकडी ओंडक्यांची उंच भिंत आणि आत उघडं मैदान. सोय साधारण १० हजार माणसांची. त्या ऑगस्टमध्ये आत कोंबले होते ३२ हजार!

भिंतीपासून सुमारे १९ फूट आत आणखी एक हद्द होती. छोटे खांब आणि त्यांवर ठोकलेली फळी, बस्स. कुणीही सहज ओलांडेल अशी. पण ओलांडली, की वर मचाणावर बसलेला पहारेकरी गोळी घालणार. तसा हुकूमच होता. या हद्दीचं नाव 'डेड लाईन'.

आता खरा पेच ऐका. मैदानातून एक ओढा वाहायचा. प्यायला तेच पाणी आणि सगळी घाणही त्यातच. जरा स्वच्छ पाणी मिळावं म्हणून कैदी वरच्या अंगाला, अगदी फळीपाशी जायचे आणि हात लांब करायचे. एक ओंजळ पाण्यासाठी तिथे माणसं गोळी लागून मेली.

१४ महिन्यांत जवळपास ४५ हजार कैदी तिथे आले. त्यातले सुमारे १३ हजार गेले, बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने. युद्धानंतर तुरुंगाचा प्रमुख हेन्री विर्झ याच्यावर खटला चालला. आरोपांमध्ये ही रेघही होती. १० नोव्हेंबर १८६५ला त्याला फाशी झाली.

शब्द मात्र जिवंत राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो छापखान्यात भेटतो. छपाईच्या यंत्रावर आखलेली खूण, जिच्या बाहेर गेलेला मजकूर नीट छापला जायचा नाही, तीसुद्धा 'डेड लाईन'. पुढे १९२०च्या सुमारास अमेरिकन वर्तमानपत्रांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला हा शब्द रुळला. जमिनीवरची रेघ घड्याळावर आली, आणि तिथून आपल्या मोबाईलवर.

आपल्याकडे यासाठी आधीपासून 'मुदत' आहे. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला शब्द. अर्थ काय, तर काळ, अवधी. मुदत मागता येते, वाढवून मिळते. म्हणजे 'मुदत' सांगते की तुझ्या हातात किती वेळ आहे, आणि 'डेडलाईन' सांगते की तो कुठे संपतो. काम तेच, पण बघा, ऐकताना छातीत धडधड कुठल्या शब्दाने होते!

मी 'डेडलाईन' म्हणणं सोडेन असं नाही. पण माझा एपिसोड एक दिवस उशिरा आला, तरी तुम्ही आज ऐकताय ना? त्या फळीपाशी वाकलेल्या माणसाला तो एक दिवस मिळाला नव्हता. तेव्हा पुढच्या वेळी उशीर झाला, तर मी सरळ तुमच्याकडे मुदत मागेन.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. वेळेवर... बहुतेक!