सोंग घ्यायचं तर सगळ्यांनीच

खाकी शर्ट, तिरपी टोपी, काखेत छडी आणि तोंडाला वॉरंटाची भाषा. बहुरूप्याचा हा फौजदार मराठवाड्यातल्या बाजारपेठांनी पिढ्यानपिढ्या पाहिलाय. आपल्याकडे त्याला रायरंदही म्हणतात. त्याच्या कलेवर पुष्कळ लिहून झालंय, समोरच्या दुकानदारावर मात्र कुणी लिहीत नाही. हा फौजदार खोटा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो हात जोडतो, ‘साहेब, जामीन कोण राहणार?’ म्हणून विचारतो आणि चार लोकांसमोर स्वतःची झडती होऊ देतो. तो बघ्या उरत नाही, खेळात उतरतो.

लार्प म्हणतात तो खेळ एवढ्यावरच उभा आहे. लाइव्ह ॲक्शन रोल प्ले हे त्याचं लांबलचक नाव. कुणी मांत्रिक होतो, कुणी पदच्युत राणी, कुणी भाडोत्री शिपाई. पाठ केलेले संवाद नाहीत, रंगमंच नाही, प्रेक्षक तर मुळीच नाहीत. सूत्रधार एक पेच टाकतो आणि पुढचे काही तास प्रत्येकानं आपल्या पात्राच्या डोक्यानं वागायचं. लढाई आली तर फोमच्या तलवारी असतातच.

अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला, तो टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा. पण बसून कंटाळणारे सगळीकडे असतात. तिथल्या ‘डॅगोरहिर’ या मैदानी लढायांच्या खेळाची सुरुवात १९७७ची. इंग्लंडमध्ये १९८२ साली चेशरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झालं. जर्मनीत आज हजारो लोक तंबू ठोकून दिवसच्या दिवस खेळतात. डेन्मार्कमध्ये तर ऑस्टरस्कोव्ह नावाच्या निवासी शाळेत गणित-इतिहासही याच पद्धतीनं शिकवतात. लातूर पॅटर्नवर वाढलेल्या पालकांना हे सांगून पाहावं!

नांदेड-लातूरला या खेळाची रुजलेली परंपरा आहे, असं म्हणणं थाप ठरेल. सोंगाची परंपरा मात्र भरपूर आहे. पैठणच्या नाथांच्या भारुडांत जोगवा मागणारी, वासुदेव, गोंधळी अशी एकेक सोंगं येतात. लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळीपासून लावणीच्या फडापर्यंत सगळं एका माळावर भेटतं. दसऱ्याला आणि होळीला नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबहून हल्लाबोलची मिरवणूक निघते. निशाण साहिब, सजवलेले घोडे, आणि ठरल्या जागी अरदास झाली की शस्त्रं उपसून धावत सुटलेला समुदाय. लुटुपुटीच्या लढाईतून युद्धाचा सराव ही गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूरला घालून दिलेली रीत. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिला खेळ म्हणू नये आणि खेळात तिची नक्कलही करू नये. शिकायचंच तर तिथली शिस्त शिकावी.

सुरुवात सहा-आठ जणांनी करावी. पन्नास जमवायला गेलं की निम्मे व्हिडिओ काढायला येतात आणि खेळ मरतो. मोबाइल गोळा करून पिशवीत टाकावेत. कथा लहान असावी: दोन गावं, एक हरवलेली मुद्रा, आणि ती कुठं आहे हे ठाऊक असलेला एक खोटारडा. एल्फ आणि ऑर्क उसने आणायची गरज नाही. वेताळ, मुंजा, हडळ, जखीण आपल्या पारावर बसलेलेच आहेत. चकवा तर जणू खेळासाठीच जन्मलाय. तो लागला की खेळाडूनं निघालेल्या जागी परत जायचं, एवढा साधा नियम पुरतो. राज्य मात्र काल्पनिक असावं. उदगीरला १७६० साली मराठे आणि निजाम लढले, त्याचा मोह होईल. रझाकारांचाही होईल. पण ज्यांच्या घरात त्या आठवणी अजून जिवंत आहेत, त्यांच्या पोराला खलनायकाची चिठ्ठी निघाली तर संध्याकाळपर्यंत खेळ उरणार नाही, भांडण उरेल.

तलवार घरीच होते. अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप, त्यावर एसीच्या तांब्याच्या नळीला घालतात ती काळी फोमची नळी, वरून कापडी टेप. पाइपचं तोंड बुच लावून बंद करायचं आणि टोकाला फोमची जाड गादी करायची. अंगठ्यानं दाबून आतला पाइप लागला, तर ती तलवार बाद. डोकं, मान आणि जांघ वर्ज्य, भोसकणं बंद. हाताला लागलं की तो हात पाठीमागं, छातीला लागलं की मेलात. कुणीही ‘थांबा’ ओरडलं की सगळ्यांनी जागीच थांबायचं. आपल्याला लागलं हे आपणच कबूल करायचं. हा नियम पाळणं तलवार करण्यापेक्षा कितीतरी अवघड.

जागेचं म्हणाल तर कंधारचा पाण्यानं भरलेला खंदक आणि औशाचा किल्ला पाहून हात शिवशिवतात. पण ती संरक्षित स्मारकं आहेत. तिथं हिंडून कथा सुचू द्यावी, खेळायला ओळखीच्या माणसाचं माळरान बघावं. सोयाबीन निघालं तरी लगेच हरभरा पेरला जातो, तेव्हा शेताच्या भरवशावर राहू नये. दिवाळी ते संक्रांत हा हंगाम. चैत्रात चिलखत घालून पळायची हौस ज्याची त्यानं करावी.

परवानगीबाबत मात्र हयगय नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षेवर जगणारे भटके होते. अनोळखी माणसाकडं आणि वेगळ्या वेशाकडं गावं आता संशयानं पाहतात, पोटासाठी सोंग घेणाऱ्याला तर ही भीती रोजची. म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि ठाणं यांना आधी सांगावं. सणांच्या दिवसांत मनाई आदेश असतात, त्यात काठीसुद्धा बाळगता येत नाही. खरी तलवार तर कधीच नाही, आणि पोलिसाचा गणवेशही नको. पोशाख गाठोड्यात न्यावा, माळावर चढवावा.

खेळ संपला की लगेच पांगू नये. चहा मागवावा, वेश उतरवावा आणि ज्यानं ज्याला फसवलं त्यानं ते कसं जमवलं हे सांगावं. मुद्रा शेवटी कुणाकडं होती, यावर अर्धा तास वाद होईल. पुढच्या खेळाचा सूत्रधार त्यातूनच सापडतो. सगळ्यात जास्त चुका काढणारा तो.